युद्ध नको, गाव विचारा

कोरियन पाहुण्यांशी बोलता बोलता १९५०-५३च्या युद्धाचा विषय निघाला तर काय करावं, याबद्दल आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत.

आसगावात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. डिसेंबरात सोलहून आजोबा, मुलगा आणि सून असं कुटुंब आलं होतं. नाश्त्याला दुसऱ्या एका पाहुण्याने सहज विचारलं, ‘नॉर्थ की साउथ?’ मुलगा हसला. आजोबा मात्र हातातला पाव ताटात ठेवून उठले. चुकलं काय? आणि पुढच्या वेळी मी काय बोलू?
— होमस्टे चालक, आसगाव

मुलगा हसला, कारण परदेशात गेलं की हा प्रश्न त्याला कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर कोरियाच्या साध्या नागरिकाला सुटी घालवायला देशाबाहेर पडताच येत नाही. म्हणजे प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं. शिवाय परदेशी पाहुण्यांची नोंद करताना पासपोर्ट तुमच्याच हातात होता.

आजोबांचं वेगळं. त्यांच्या पिढीला या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण आला, तेव्हा ३८ अंश अक्षांशावर रेघ ओढली गेली. दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशा समोर घेऊन अर्ध्या तासात ठरवलेली ती रेघ. उत्तरेला रशियन फौज, दक्षिणेला अमेरिकन. २५ जून १९५० रोजी उत्तरेचं सैन्य ती ओलांडून आलं, आणि २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली तेव्हा फौजा जिथे उभ्या होत्या तिथे नवी रेघ पडली. केसॉंग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, ते उत्तरेत गेलं. पूर्व किनाऱ्यावरचं सोक्चो उत्तरेत होतं, ते दक्षिणेत आलं. सोक्चोला आबाई नावाची वस्ती आहे. उत्तरेतल्या हामग्यॉंग प्रांतातून पळून आलेल्या लोकांनी ‘थोड्या दिवसांत परत जायचंच आहे’ म्हणून तिथे वाळूवर झोपड्या घातल्या आणि जन्म तिथेच काढला. अशा माणसाला ‘नॉर्थ की साउथ’ विचारलं तर तो काय सांगणार?

म्हणून युद्धाबद्दल विचारू नका, गावाबद्दल विचारा. कोरियनमध्ये मूळ गावाला ‘कोह्यांग’ म्हणतात. ‘कोह्यांगी ऑदिसेयो?’ म्हणजे ‘आपलं मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न तिथे कुणीही कुणालाही विचारतो, अगदी आपल्यासारखाच. उत्तरात बुसान, देगू, ज्यॉल्ला असं काही आलं तर पुढे समुद्रावर, जेवणावर गप्पा मारा. ह्वांगहे, प्यॉंगान किंवा हामग्यॉंग आलं, तर ते गाव आज उत्तर कोरियात आहे हे ओळखा आणि आवाज खाली आणा. अशा लोकांना ‘शिल्ह्यांगमिन’ म्हणतात, गावाला मुकलेले. सोलच्या उत्तरेला इमजिनगाक इथे ‘मांगबेदान’ नावाचा दगडी चौथरा आहे. चांद्र नववर्षाला आणि शरदातल्या छुसॉक सणाला हे लोक तिथे फळं, भात, मद्य मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना वाकून नमस्कार करतात. ज्यांचं कुळदैवत पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीहून झुआरीपलीकडे प्रियोळला गेलं, त्या गोंयकाराला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की झुआरीवर आज पूल आहे. इमजिन नदीपलीकडे मात्र पत्र जात नाही आणि फोन लागत नाही.

आजोबा स्वतःहून भावाबद्दल, बहिणीबद्दल बोलले तर ‘मग आता भेटायला का जात नाही?’ असं विचारू नका. दोन्ही सरकारांनी घडवलेल्या भेटी २०००पासून अधूनमधून झाल्या. कुमगांग पर्वतावर ऑगस्ट २०१८मध्ये झालेल्या भेटी शेवटच्या. ज्यांची नावं निघाली त्यांनाही काही तासच मिळाले. अशा वेळी एकच वाक्य पुरतं : ‘कोसेंग मानुश्यॉस्सॉयो’. म्हणजे साधारण ‘फार सोसलंत’. ‘सॉरी’ म्हणू नका, त्यात तुमची काही चूक असल्यासारखं वाटतं. ते वाक्य म्हणा, थोडं थांबा आणि चहा पुढे करा. कप दोन्ही हातांनी.

मोबाइलवरच्या भाषांतराने घोटाळे होतात, त्यातला एक नेहमीचा. इंग्रजीतला ‘यू’ कोरियनमध्ये बऱ्याचदा ‘तांगशिन’ होऊन येतो. हा शब्द नवरा-बायको एकमेकांना वापरतात, नाहीतर भांडताना वापरतात. ऐंशीच्या माणसाला तो म्हणजे आपल्याकडे अनोळखी वडीलधाऱ्याला ‘ए, तू’ म्हणण्यासारखं. पापागो ॲपमध्ये इंग्रजीतून कोरियन करताना आदरार्थी भाषेची कळ असते, ती आधी चालू करा. ‘यू’च्या जागी ‘सर’ किंवा ‘ग्रँडफादर’ लिहा. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. आलेलं कोरियन पुन्हा इंग्रजीत फिरवून बघा, आणि अर्थ हलला असेल तर वाक्य मोडून परत लिहा. तोंडी हाक मारायची तर ‘सॉन्सेंगनिम’ म्हणा, कुणाही ज्येष्ठाला चालतं.

युद्धाचं नावही लक्षात ठेवा. दक्षिणेत ते ‘युगिओ’, म्हणजे सहा-दोन-पाच, सुरू झालं ती तारीख. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘विसरलेलं युद्ध’ म्हणतात. विसरले ते अमेरिकन. कोरियन माणसासमोर हा शब्द काढू नका. आणि ‘युद्ध संपलं तेव्हा’ असंही नको, कारण झाली ती शस्त्रसंधी; शांततेचा करार आजपर्यंत झालेला नाही.

जुन्या गोव्यात कोरियन कॅथलिक भाविकांचे गट येतात. गटातल्या एकाने मला ‘इंडिया हेल्प्ड अस इन द वॉर’ असं सांगितलं. मी मान डोलावली, पण मला काहीच ठाऊक नव्हतं. ‘आमचे सैनिक तुमच्यासाठी लढले’ असं म्हटलं तर चालेल?
— पर्यटक मार्गदर्शक, रायबंदर

चालणार नाही, कारण ते खरं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढाऊ सैन्य १६ देशांनी पाठवलं, त्यांत भारत नव्हता. भारताने वैद्यकीय पथक पाठवलं : ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५०मध्ये ते बुसानला उतरलं आणि थेट उत्तरेत प्याँगयाँगला गेलं. डिसेंबरात उत्तरेच्या मदतीला आलेल्या चिनी फौजांपुढे सगळ्यांची माघार सुरू झाली, तेव्हा या पथकाकडे गाड्या नव्हत्या. सामान टाकून निघा, असा हुकूम होता. शस्त्रक्रियेची अवजारं टाकली तर पुढे काम कशाने करणार? त्यांनी एक रेल्वे इंजिन शोधलं, हातोहात बादल्या देत त्याच्या बॉयलरमध्ये पाणी भरलं, सामान डब्यांत चढवलं आणि पूल उडवण्याआधी नदीपार झाले. मार्च १९५१मध्ये मुनसानजवळ अमेरिकन छत्रीधारी दलाबरोबर या पथकाच्या तुकडीने विमानातून उड्या घेतल्या, त्यांत रंगराज स्वतः होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. पथक १९५४पर्यंत तिथे होतं, आणि देगूमध्ये त्यांनी सामान्य नागरिकांवरही उपचार केले. तुमचा भाविक म्हणाला ते बहुधा यांच्याबद्दल. ‘आमचे डॉक्टर होते’ एवढंच म्हणा. कोरियन लोकांना या पथकाबद्दल मनापासून आदर आहे.

दुसरं प्रकरण जरा नाजूक आहे, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. युद्धकैद्यांपैकी ज्यांना मायदेशी परतायचं नव्हतं, त्यांचं करायचं काय, यावर शस्त्रसंधी दीड वर्ष अडली होती. शेवटी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला. अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. कैद्यांना ताब्यात ठेवायला भारताचं सुमारे सहा हजारांचं दल गेलं, त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. २२ हजारांवर कैदी, त्यांत बहुसंख्य चिनी. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांना ही व्यवस्थाच मान्य नव्हती. शस्त्रसंधीच्या आधीच, जून १९५३मध्ये, त्यांनी सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवायचा नाही, असं ते म्हणाले. म्हणून इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने आपल्या लोकांना थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्या काळी तिथल्या बऱ्याच लोकांना भारत कम्युनिस्टांकडे झुकलेला वाटायचा. वृद्ध माणसाच्या बोलण्यात त्याची कडवट चव आली तर वाद घालू नका. त्याने विचारलं तर एवढं सांगता येईल की, कुठेच जायचं नाही म्हणणाऱ्या ८८ कैद्यांना भारताने फेब्रुवारी १९५४मध्ये सोबत आणलं. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले.

आणि ‘आमचे’ म्हणताना जरा हळू. १९५० ते ५३ या काळात गोवा पोर्तुगीजांकडे होता. रायबंदरच्या माणसाने ‘भारताचे डॉक्टर’ म्हणावं, तेच बरोबर. हा तपशील सांगितलात तर कोरियन पाहुणा कान टवकारेल. ३५ वर्षं जपानी राज्याखाली काढलेल्या देशातला आहे तो.

मी फोंड्याला कॉलेजात आहे, दोन वर्षं कोरियन शिकतेय. ऑनलाइन ओळख झालेल्या २६ वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘तुम्हांला एकीकरण हवंय का? उत्तर कोरियाची भीती वाटत नाही का?’ त्याने फक्त ‘हाहा, माहीत नाही’ लिहिलं. राग आला असेल का?
— विद्यार्थिनी, फोंडा

राग नाही, कंटाळा. परदेशी माणसाने तुला ‘गोवन म्हणजे तू पोर्तुगीज का?’ विचारल्यावर तू जेवढं उत्तर देतेस, तेवढंच त्याने दिलं.

त्याच्या वयाच्या मुलासाठी तो विषय आजोबांचा नाही, स्वतःचा आहे. सक्तीची लष्करी सेवा पायदळात १८ महिने असते, ती तो करून आलेला असणार किंवा जायच्या बेतात असणार. त्यावर मुलं भरभरून बोलतात, प्रश्न नीट हवा : थंडी किती होती, जेवण कसं होतं, बर्फ किती उपसला? बर्फाच्या फावड्याबद्दल तक्रार न करणारा कोरियन सापडणं कठीण. छावणी कुठे होती, कोणती शस्त्रं होती हे मात्र विचारू नकोस; त्याला सांगायची परवानगी नसते.

गटात चिनी मैत्रिणीही असतील तर आणखी एक. ऑक्टोबर २०२०मध्ये बीटीएस या कोरियन पॉप गटाचा आरएम एका पुरस्काराच्या भाषणात कोरिया आणि अमेरिकेने मिळून सोसलेल्या वेदनांबद्दल बोलला, आणि चिनी नेटकरी उसळले. चीनमध्ये त्याच युद्धाचं नाव ‘अमेरिकेला प्रतिकार, कोरियाला मदत’. एकच युद्ध आणि दोन पाठ्यपुस्तकं. हा वाद गटात मिटणारा नाही.

आमच्या शेजारी काही महिने राहिलेल्या कोरियन बाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, मनमोकळ्या होत्या. वडील युद्धात गेले, असं त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, कुणी मारलं, उत्तरेच्या लोकांनी? त्या गप्प झाल्या, आणि नंतर आठवडाभर फिरकल्या नाहीत. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, मला फक्त समजून घ्यायचं होतं.
— निवृत्त शिक्षिका, डिचोली

तुमच्या प्रश्नातच एक उत्तर दडलं होतं, आणि ते त्यांचं नसण्याची शक्यता मोठी आहे.

सोल नऊ महिन्यांत चार वेळा हातातून हातात गेलं. २७ जूनच्या रात्री रेडिओवर अध्यक्ष री यांचा धीर देणारा आवाज वाजत होता. अध्यक्ष स्वतः शहर सोडून गेले होते, आणि २८च्या पहाटे सरकारी फौजेनेच हान नदीवरचा पूल उडवला. जे अलीकडे अडकले त्यांनी तीन महिने उत्तरेच्या अमलाखाली काढले. सप्टेंबरात शहर परत मिळालं, तेव्हा त्याच लोकांकडे ‘शत्रूला मदत केली’ म्हणून बोट दाखवलं गेलं. उत्तरेच्या फौजांनी माघार घेताना माणसं मारली. त्याआधी, १९५०च्या उन्हाळ्यात, दक्षिणेच्याच पोलिसांनी आणि लष्कराने सरकारनेच काढलेल्या ‘बोदो’ संघटनेत नावं नोंदवलेल्या हजारो संशयित डाव्यांना गोळ्या घातल्या. नोगुनरीच्या रेल्वे पुलाखाली निर्वासितांवर गोळ्या झाडल्या त्या अमेरिकन सैनिकांनी. तेव्हा ‘कुणी मारलं’ याची उत्तरं तीन-चार असू शकतात, आणि त्यांतली काही कित्येक दशकं तोंडातून काढणंही धोक्याचं होतं.

धोका कसला, तर ‘यॉनज्वाजे’चा. घरातला एक माणूस उत्तरेला गेला किंवा डावा ठरला की त्याच्या मुलांना, पुतण्यांना सरकारी नोकरी, परदेशचा पासपोर्ट मिळणं मुश्कील. पोलिसांकडे घराण्याचीच नोंद. १९८०च्या राज्यघटनेने ही पद्धत बंद केली आणि सत्यशोधन आयोग २००५च्या डिसेंबरात कामाला लागला, तोवर त्या बाईंचं अर्धं आयुष्य सरलं होतं. वडिलांबद्दल बोलायचं नाही हे आईने लहानपणीच शिकवलेलं असतं. सवय जात नाही.

इतिहासाच्या माणसाला ‘कुणी’ आणि ‘का’ विचारल्याशिवाय राहवत नाही, हे मान्य. पण इथे क्रम उलटा लावा. वडील काय करायचे? त्यांना काय आवडायचं? आठवतात का? माणूस आधी येऊ द्या. मृत्यू कसा झाला ते यायचं असेल तर त्यानंतर येईल, नाहीतर येणार नाही. माफी मागायला जाऊ नका, त्याने तोच विषय पुन्हा उघडेल. फणसाचे गरे नाहीतर घरचं लोणचं घेऊन जा, आणि ‘बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत’ एवढंच म्हणा.

हणजुण्याला छोटं रेस्टॉरंट आहे. मोसमात कोरियन पदार्थ ठेवतो. ‘आर्मी स्ट्यू’ करायचा विचार आहे. मेनूवर युद्धाची गोष्ट लिहावी का? भिंतीवर लाल-पांढऱ्या सूर्यकिरणांचं चित्र काढून घेतलंय, ते एका कोरियन जोडप्याला खटकलं. का?
— रेस्टॉरंट मालक, हणजुणे

आधी भिंत, कारण तिची घाई आहे. मध्ये लाल गोळा आणि कडेपर्यंत पसरलेले लाल किरण म्हणजे जपानी लष्कराचा जुना झेंडा. रंगाऱ्याने तो ‘आशियाई डिझाइन’ म्हणून काढला असेल. कोरियन माणसाला त्यात १९१० ते १९४५ची गुलामी दिसते, सक्तीची मजुरी दिसते, जपानी सैन्याने नेलेल्या मुली दिसतात. नुसता रंग बदलून भागत नाही, किरणांची ठेवणच ओळखू येते. रंग मारून टाका.

आता स्ट्यू. नाव ‘बुदे जिगे’, ‘बुदे’ म्हणजे लष्करी तुकडी. युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकन तळांवरून बाहेर आलेलं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीबरोबर (मुरवलेला तिखट कोबी) उकळून हा पदार्थ घडला. तो माल विकणंच तेव्हा बेकायदा होतं. सोलजवळच्या उइजॉंगबू शहरात याच पदार्थाच्या खाणावळींची अख्खी गल्ली आहे. आज तरुण तो मजेने खातात. त्यांच्या आजीला मात्र त्यातून तळावरच्या उष्ट्याची आठवण येऊ शकते. म्हणून मेनूवर गोष्ट नको. ‘बुदे जिगे : किमची, सॉसेज, टोफू, नूडल्स, तिखट रस्सा’ एवढं पुरे, आणि डुकराचं मांस आहे हे ठळक लिहा.

दोघांसाठी प्रमाण : मुरलेली किमची १५० ग्रॅम, डबाबंद पोर्क १५० ग्रॅम, साधी सॉसेज २, टोफू अर्धी वडी, कांदा अर्धा, कांद्याची पात, गोड टोमॅटो रसातले बीन्स ३ चमचे, रामेनचं एक पाकीट, पाणी किंवा हाडांचं सूप ७०० मिली. मसाल्याला कोरियन मिरचीपूड १ मोठा चमचा, गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट) १ लहान चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, ठेचलेला लसूण १ मोठा चमचा. पसरट भांड्यात सगळं शेजारी शेजारी मांडा, मसाला मध्ये ठेवा, कडेने सूप ओता. उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं होऊ द्या. नूडल्स अगदी शेवटी, टेबलावर, तीन मिनिटं. आधी घातल्या तर रस्सा पिऊन फुगतात आणि लगदा होतो. मीठ घालू नका, मांस आणि किमची दोन्ही खारट असतात. ताजी किमची वापरलीत तर रस्सा पाणचट लागतो. निदान दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये मुरलेली हवी. गोव्याची ‘चोरीस’ (मसालेदार सॉसेज) घालायचा मोह आवरा. तिच्यातला व्हिनेगर आणि किमचीचा आंबटपणा एकत्र आला की दुसरं काही लागतच नाही. काश्मिरी मिरचीपूड चालते, रंग तिचा जवळपास तसाच येतो. बेडगी घेतलीत तर आधी बिया काढून भरड दळा.